दानाकडून सावडीकडे : नगरच्या दुष्काळी मुलखातील चर्चचे लोककार्य



या व्याख्यानासाठी ‘धर्मसंस्था आणि लोकसेवा’ असा विषय संयोजकांनी मला सुचवला होता. विषय मोठा मोलाचा. परंतु तासाभरात त्याला प्रदक्षिणा घालायची म्हटले तरी पाय दुखतील. म्हणून मी त्याला माझ्यापुरते कुंपण घातले आहे. धर्मसंस्था एकच घेतो, ख्रिस्ती चर्च. मुलूख मुख्यतः एकच घेतो, अहमदनगर जिल्हा, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. जुन्या हकिकती सांगताना मी जुनेच नाव वापरीन, त्याबद्दल क्षमा असावी. आणि प्रश्नही एकच घेतो, तो म्हणजे दुष्काळाचा. चर्चने आपल्या शेजारच्या माणसांना दुष्काळात मदत कशी केली आणि दीडशे वर्षांत त्या मदतीची रीत कशी पालटत गेली, एवढेच मला आज पाहायचे आहे.

बेळगावच्या श्रोत्यांना हा विषय परका वाटू नये. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचा पाऊस कोसळतो आणि पूर्वेस अथणीच्या बाजूला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. ‘मिशन’ हा शब्दही या शहराला नवा नाही. बेननस्मिथसारख्या शाळेच्या बाकांवर येथील अनेक घरांतल्या पिढ्या बसल्या आहेत. ख्रिस्ती मंडळी शाळा काढतात, दवाखाने चालवतात, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की त्या कामामागची मनोभूमिका काय होती आणि ते घेणाऱ्याला काय वाटत होते, हे विचारण्याचे आपल्याला सुचतच नाही.

मी भाषेचा माणूस. त्यामुळे आरंभ शब्दांपासून करतो. मदतीसाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही. दान, धर्म, परोपकार, भूतदया, सेवा. या सगळ्यांत ‘दान’ हा सर्वांत जुना आणि सर्वांत निसरडा. दानाला दोन माणसे लागतात, एक देणारा आणि एक घेणारा. आणि देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. आपल्या परंपरेत पुण्य देणाऱ्याच्या खात्यात जमा होते. घेणाऱ्याच्या खात्यात काय जमा होते, याविषयी शास्त्रे फारशी बोलत नाहीत. ‘सेवा’ या शब्दात हात खाली येतो खरा. तथापि सेवा कोणाची करायची आणि केव्हा थांबवायची, हे ठरवण्याचा अधिकार बहुधा सेवा करणाऱ्याकडेच राहतो.

परंतु खेड्यांत आणखी एक शब्द होता, तो म्हणजे सावड. आज माझ्या शेतात तू राबायचे, उद्या तुझ्या शेतात मी. पैसा नाही, मजुरी नाही, उपकारही नाही. त्याच कुळातला दुसरा शब्द इर्जिक. एखाद्याची नांगरट मागे पडली तर गावातले औतवाले आपापली बैलजोडी घेऊन त्याच्या रानात उतरत, दिवसभरात नांगरट उरकून टाकीत आणि घरधनी त्यांना संध्याकाळी जेवू घाली. नांगरट त्याची होई, जेवण सर्वांचे होई. शहरी मराठीतून हे दोन्ही शब्द गेले. कोशात आहेत, बोलण्यात नाहीत. सावडीत देणारा कोण आणि घेणारा कोण, हे सांगता येत नाही. माझ्या आजच्या विवेचनाचा धागा हाच आहे. नगरच्या दुष्काळी मुलखात चर्चने आरंभ केला तो दानापासून, आणि हळूहळू, अडखळत, ते सावडीच्या जवळ येऊन पोचले. पूर्ण पोचले की नाही, ते पुढे पाहू.

अमेरिकन मराठी मिशनने नगर येथे आपले ठाणे उघडले ते १८३१ साली. तेथेच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात त्याचे स्थान काय, हे येथे सांगत बसत नाही. पहिली चार दशके मिशनचा भर शाळा आणि उपदेश यांवर होता. १८७६ ते १८७८ या वर्षांतील दख्खनच्या दुष्काळाने मात्र चित्र बदलले. सरकारने कामे काढली, पण मजुरी इतकी तुटपुंजी ठेवली की पुण्याच्या सार्वजनिक सभेला त्याविरुद्ध आवाज उठवावा लागला. जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये धनकवडीला दुष्काळातील मुलांसाठी बालाश्रम काढला. त्या काळी मदतीला धावणारे केवळ मिशनरीच होते असा समज कोणी करून घेऊ नये, म्हणून हा उल्लेख मुद्दाम केला. तथापि नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत, विशेषतः महारवाड्यांत आणि मांगवाड्यांत, धान्य घेऊन जाणारा माणूस पुष्कळदा मिशनचा असे, हेही खरे.

पुढे १८९६–९७ चा दुष्काळ आला, त्याच्या पाठोपाठ प्लेग आला, आणि लोक जरा सावरतात तोच १८९९–१९०० चा दुष्काळ आला. गुजरातेत तो संवताच्या आकड्यावरून ‘छप्पनियो’ म्हणून अजून आठवला जातो. नगरला रॉबर्ट ह्यूम हे मिशनरी होते. जन्म मुंबईतला, मराठी अस्खलित. मदतीच्या वाटपाचे मोठे काम त्यांनी अंगावर घेतले आणि त्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९०० साली अमेरिकेतील ख्रिस्ती वाचकांनी वर्गणी काढून ‘क्विटो’ नावाचे एक जहाजच्या जहाज मक्याने भरून मुंबईला पाठवले. ज्वारी-बाजरी खाणाऱ्या या मुलखात मका हे परके धान्य, पण भुकेला चवीचा विचार नसतो. न्यूयॉर्कजवळच्या एखाद्या गावातील बाईने चर्चच्या पेटीत टाकलेले नाणे सातासमुद्रापलीकडच्या कोरड्या विहिरीच्या काठी बसलेल्या पोराच्या तोंडात दाणा होऊन पडते, ही गोष्ट कमी अद्भुत नव्हे. आज आपण घरबसल्या मदत पाठवतो. त्या काळी जहाजाला महिने लागत, आणि धान्य पोचेपर्यंत माणूस जगेल की नाही याची शाश्वती नसे.

याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरला होते. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. दुष्काळात पोरकी झालेली मुले टिळक घरी आणीत आणि त्यांचे पुढचे सारे निस्तरणे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो. पण त्या हसण्याखाली केवढा थोरला प्रश्न दडला आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. परोपकाराची प्रेरणा एकाची असते आणि भाकरी दुसरीला थापाव्या लागतात. सार्वजनिक सेवेच्या इतिहासात थापणाऱ्या हातांची नोंद क्वचित होते. लक्ष्मीबाईंनी ती स्वतःच करून ठेवली, हे मराठीचे भाग्य.

आता अवघड मुद्द्याकडे येतो. तो टाळून या विषयावर बोलता येणार नाही. दुष्काळाच्या वर्षांत आणि त्यानंतर नगर जिल्ह्यात पुष्कळ माणसे ख्रिस्ती झाली. ‘भाकरीसाठी धर्म विकला’ हा शेरा तेव्हापासून आजतागायत ऐकू येतो. माझे मत स्पष्ट आहे. हा शेरा सहसा पोटभर जेवलेल्या माणसाच्या तोंडी असतो. ज्या माणसाला गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, ज्याच्या पोराला शाळेच्या पायरीवरही बसू देत नव्हते, त्याने घेतलेल्या निर्णयात केवळ धान्याचा हिशेब पाहणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. त्याला धान्याबरोबर पाटी मिळत होती आणि नावाने हाक मारणारा कोणीतरी भेटत होता.

मात्र याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. धान्याची पोती आणि धर्मोपदेशक एकाच बैलगाडीतून गावात उतरत होते. भुकेल्या माणसाच्या होकाराला होकार म्हणावे काय, हा प्रश्न मिशनऱ्यांनाही सतावत होता. दुष्काळ सरेपर्यंत बाप्तिस्मा लांबणीवर टाकावा असे म्हणणारेही त्यांच्यात होते. दानाचा हा अंगभूत दोषच आहे. देणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो, घेणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक उरत नाही. आणि जेथे ‘नाही’ म्हणता येत नाही तेथे ‘हो’ची किंमतही उतरते.

टिळकांना हे उमगले होते असे मला वाटते. विदेशी पैशावर पोसलेली मंडळी आपल्या पायांवर कधीच उभी राहणार नाही, ही खंत त्यांच्या उत्तरायुष्यात वाढत गेली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने एक मोकळे बंधुमंडळ उभारण्याचा प्रयत्न केला. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते निवर्तले आणि दरबाराला फार काळ बहर आला नाही. परंतु चर्चच्या आतूनच एक मराठी कवी दानाच्या ओझ्याविरुद्ध उभा राहिला, ही घटना मला लहान वाटत नाही. नगरच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी तर त्याआधीच वेगळी वाट धरली होती. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना त्यांनी नुसते पोसले नाही, तर शेती, माग, तेलघाणा, छापखाना अशा कामांना जुंपले. मुक्तिसदनातली मुलगी तेथील अन्न आपल्या श्रमाने मिळवीत होती. रमाबाईंचे आईवडील याच्या वीस वर्षे आधीच्या उपासमारीत गेले होते. भीक मागण्याची लाज म्हणजे काय, ते त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते.

येथे नगर सोडून थोडे कोकणपट्टीत जाऊ, कारण सावडीचे एक रूप तेथे आधी दिसले. पैशाची सावड. वसईचा ख्रिस्ती समाज शेतकरी, बागाईतदार आणि कोळी यांचा. पानवेली, केळी, भाजीपाला. नड आली की सावकार. मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी १९१८ मध्ये तेथे सहकारी पतसंस्था काढली. आजची बेसिन कॅथॉलिक बँक ती हीच. सहकारी पतपेढ्यांचा कायदा आपल्याकडे १९०४ साली झाला होता आणि त्याचा नमुना जर्मनीतल्या रायफायझेनच्या ग्रामीण पतपेढ्यांचा होता. तत्त्व साधे. दहा गरिबांनी आपापली चिल्लर एकत्र करायची, एकमेकांची हमी घ्यायची, आणि ज्याला नड असेल त्याला द्यायचे. कर्ज बुडवले तर सावकाराचे नाही, शेजाऱ्याचे बुडते. मोनीस यांना दानपेटी फिरवणे सोपे होते. त्यांनी भागभांडवल गोळा केले. चर्चच्या पायरीवर उभा असलेला कर्जबाजारी माणूस याचक न राहता सभासद झाला, हा बदल हिशेबाच्या वहीत दिसत नाही, पण तो झाला. आता नावातच ‘कॅथॉलिक’ असलेली ती संस्था, म्हणजे मदतीचे वर्तुळ आपल्या माणसांपुरते, हा आक्षेप घेता येईल आणि तो मी मान्यही करतो. वर्तुळ रुंदावण्याचे काम पाण्याने केले. पैसा जात पाहून देता येतो. डोंगरावरून वाहणारे पाणी कोणाच्या शेतात मुरावे, हे धर्म पाहून ठरवता येत नाही.

पुन्हा नगरकडे वळू. १९७२ चा दुष्काळ माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिला. खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा, सुकडीची पाकिटे, लाल मिलोच्या भाकरी. शासनाने काढलेल्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला, तो १९७७ चा. चर्चच्या संस्थांनीही ‘कामाच्या बदल्यात धान्य’ या तत्त्वावर रस्ते, तळी, विहिरी यांची कामे काढली. हे दानापेक्षा पुढचे पाऊल होते यात शंका नाही. परंतु खडी कोणत्या रस्त्यासाठी फोडायची, तळे कोठे खणायचे, हे फोडणाऱ्याला आणि खणणाऱ्याला कोण विचारीत होते? पुष्कळ तळी पुढच्या चार पावसाळ्यांत गाळाने भरली. ती ज्यांनी खणली त्यांना ती आपली वाटलीच नव्हती.

नगर जिल्ह्यात तोवर रोमन कॅथॉलिक पंथाच्या येशूसंघीय धर्मगुरूंचे काम रुजले होते. राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर या पट्ट्यात त्यांच्या शाळा, वसतिगृहे होती. श्रीरामपूरजवळ हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात सर्व धर्मांची माणसे लोटतात, ते हेच क्षेत्र. या धर्मगुरूंमध्ये एक होते फादर हर्मन बाखर. जन्माने स्वित्झर्लंडचे. १९४८ च्या सुमारास भारतात आले आणि साठेक वर्षे महाराष्ट्रात राहिले. २०२१ मध्ये त्यांचे मायदेशी निधन झाले. खेड्यांतले लोक त्यांना बाखरबाबा म्हणत. आल्प्सच्या कुशीतील माणूस नगरच्या उघड्याबोडक्या माळावर काय शिकवणार, अशी शंका कोणालाही यावी. पण डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याला माती वाहून जाण्याचे भय जन्मजात असते. ते भय तिकडचेही आणि इकडचेही एकच.

बाखरबाबांचे आरंभीचे काम नेहमीच्याच वळणाचे होते. नगरच्या सोशल सेंटरमार्फत विहिरी, पंप, उपसा योजना. शेतकऱ्याला पाणी पाहिजे, तर विहीर द्या. विहिरी झाल्या, काही वर्षे पाणी लागले, आणि मग त्या आटू लागल्या. कारण उघड होते. आपला दख्खनचा काळा पाषाण पाणी फार साठवीत नाही. वरच्या मुरमाच्या थरात पाऊस जेवढा मुरेल तेवढेच विहिरीला येणार. डोंगर बोडका झाला, माती धुपली, पाऊस पडला तसा वाहून गेला, तर खाली विहीर कितीही खोल खणली तरी ती कोरडी रांजणच. विहीर देणे म्हणजे पुन्हा दानच होते. फरक इतकाच की धान्याऐवजी खड्डा दिला होता.

येथून पाणलोट विकासाची कल्पना पुढे आली. पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीचे काम याच सुमारास दिसू लागले होते. ही हवा त्या जिल्ह्यात होतीच. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायचे, हा पहिला नियम. आधी डोंगरमाथ्यावर समपातळीवर सलग चर खणायचे, त्यांच्या भरावावर झाडे आणि गवत लावायचे. मग उतारावरच्या घळींत दगडी अडथळे. मग शेतांची बांधबंदिस्ती. आणि सर्वांत शेवटी ओढ्यावर नालाबांध. पुढाऱ्यांना नेमके उलटे आवडते. नालाबांधावर फलक लावता येतो, चरावर लावता येत नाही. पण माथ्यावरचे काम न करता खाली बांध घातला तर तो दोन पावसांत गाळाने भरतो. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावायचे, चालणाऱ्याला थांबवायचे, थांबलेल्याला मुरवायचे. एवढेच ते शास्त्र. समपातळी शोधण्याला यंत्र लागत नाही. ए-आकाराची लाकडी चौकट आणि दोरीला टांगलेला दगड पुरतो. न शिकलेली बाईही तासाभरात ते शिकते.

तथापि मला या कामातल्या तंत्रापेक्षा त्याच्या अटी महत्त्वाच्या वाटतात. १९९० च्या दशकाच्या आरंभी भारत व जर्मनी या सरकारांमधला पाणलोट कार्यक्रम महाराष्ट्रात सुरू झाला. पैसा जर्मन शासनाचा, कारभार नाबार्डमार्फत. १९९३ मध्ये फादर बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी गावांना त्यासाठी तयार करण्याकरिता ‘वॉटर’ ही संस्था स्थापली. ती चर्चची संस्था नव्हे, हे लक्षात घ्यावे. धर्मगुरूने पुढाकार घेतला, पण पाटी धर्माची लावली नाही. गाव निवडताना आधी श्रमदान करून दाखवावे लागे. ग्रामसभेने एकमताने पाणलोट समिती नेमायची. त्यात वाड्यावस्त्या, स्त्रिया, भूमिहीन यांचे प्रतिनिधी हवेत. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळायची. सुरुवातीला थोड्याच क्षेत्रावर काम करून गावाने आपली लायकी दाखवायची, मगच उरलेल्या शिवाराला मंजुरी. अंगमेहनतीच्या मजुरीतील १६ टक्क्यांच्या आसपास वाटा गावाने श्रमदानाने उचलायचा. भूमिहीन आणि एकट्या बाईच्या घराला त्यातून सूट. प्रत्येक गटावर शेतकरी आणि त्याची बायको, दोघांना उभे करून त्यांच्याच शेतात काय करायचे ते त्यांच्याशी बोलून ठरवायचे.

ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण सात-बारावर नाव नसलेल्या बाईला तिच्या बांधाविषयी अभियंत्याने विचारावे, हे आपल्या खेड्यात यापूर्वी कधी घडले होते? पाणी डोक्यावरून वाहते ती आणि पाण्याची योजना आखतात चावडीवरचे पुरुष, ही आपली जुनी रीत.

आणि अटींचा अर्थ पाहा. गावाला येथे ‘नाही’ म्हणता येत होते. श्रमदान नको, चराईबंदी नको, असे म्हणून पुष्कळ गावे बाजूला झाली. त्यांच्यावर कोणी रुसले नाही. जी आली ती विचार करून आली. १८७७ च्या बैलगाडीपुढे उभ्या असलेल्या माणसाला जी मोकळीक नव्हती ती या ग्रामसभेला होती. म्हणून मी याला सावडीजवळचे म्हणतो. ‘श्रमदान’ हा शब्द मला येथे तितकासा रुचत नाही. आपल्याच शेतावरच्या डोंगरात चर खणणारा माणूस कोणाला दान देतो? तो वरच्या शेजाऱ्याच्या रानात राबतो तेव्हा खालच्या आपल्या विहिरीला पाणी येते, आणि खालचा वरच्यासाठी राबला नाही तर दोघेही कोरडे राहतात. याला जुने नाव होतेच. आपण ते विसरलो, म्हणून नवे करावे लागले.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे या कामातले पुष्कळ अभ्यासलेले गाव. पर्जन्यछायेतला भाग, उन्हाळ्यात टँकर, आणि पावसाळा सरला की माणसे ऊसतोडीला किंवा शहराकडे. १९९६ ते २००१ या काळात तेथे काम झाले. विहिरींना पाणी टिकू लागले, टँकर थांबला, शेतात काम मिळण्याचे महिने वाढले. हे यश मोठे आहे आणि त्याचे कौतुक करताना मी हात आखडता घेणार नाही.

परंतु व्याख्यान म्हणजे सत्कारसमारंभ नव्हे. दरेवाडीतच चराईबंदीला मेंढपाळ कुटुंबांनी विरोध केला होता, आणि त्यांचा विरोध अज्ञानातून आलेला नव्हता. डोंगर हे ज्याचे शेतच आहे त्याला ‘पाच वर्षे डोंगरावर मेंढरू आणू नको’ म्हणणे म्हणजे जमीनवाल्याला ‘पाच वर्षे पेरू नको’ म्हणण्यासारखे आहे. फरक इतकाच की जमीनवाल्याला असे कोणी सांगत नाही. डोंगर एकदम न मिटता टप्प्याटप्प्याने मिटायचा, गवत कापून न्यायला मुभा ठेवायची, अशा तडजोडी या कार्यक्रमात कराव्या लागल्या. तरीही अनेक ठिकाणी भूमिहीनांनी शेळ्यामेंढ्या विकल्या. शेळी ही गरिबाची गाय. ती गेली म्हणजे औषधपाण्याला मोडायचा दागिना गेला. काम चालू असेतो त्यांना मजुरी मिळाली. काम संपल्यावर वाढलेले पाणी कोणाच्या विहिरीत गेले? ज्याच्याकडे विहीर होती त्याच्या. डोंगर सर्वांनी सांभाळला आणि पीक काहींनी घेतले. सावडीत जो राबतो त्याच्या शेतात उद्या दुसऱ्याने राबायचे असते. पण ज्याला शेतच नाही, त्याची परतफेड कोणत्या रानात करायची? जुन्या सावडीलाही हा प्रश्न सुटला नव्हता. भूमिहीन माणूस तिच्या बाहेरच असे.

दुसरी गोष्ट विंधनविहिरींची. शिवारात पाणी दिसू लागले की पाठोपाठ बोअरचे यंत्र येते. वरच्या मुरमात सगळ्या गावाने मिळून मुरवलेले पाणी खालच्या भेगांतून एकटा माणूस उपसून घेतो आणि उसाला देतो. हिवरे बाजारने शेतीसाठी विंधनविहिरींना बंदी घातली आणि ती पाळली, म्हणून त्या गावाचे पाणी टिकले. सर्वांना ते जमले नाही. महाराष्ट्राने २००९ चा भूजल कायदा केला, तो २०१४ पासून अमलात आला, त्यात ६० मीटर वा त्याहून खोल विहिरींना आळा घालण्याची तरतूद आहे. कायदा आहे, आणि रात्री अकरानंतर गावात शिरणारा बोअरचा ट्रकही आहे.

चर्चपुढे आज जे काम उभे आहे ते येथे आहे, आणि ते धान्य वाटण्यापेक्षा किंवा चर खणण्यापेक्षा कठीण आहे. भुकेल्याला अन्न दिले तर गावात कोणी शत्रू होत नाही. डोंगर हिरवा केला तर सरपंच फोटोला उभा राहतो. पण ‘तुझ्या बोअरने शेजारणीची विहीर आटली’ असे भर ग्रामसभेत म्हणणाऱ्याला मते मिळत नाहीत, देणग्याही मिळत नाहीत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’च्या चळवळीत हेच केले. तेथे पाण्याची टंचाई नव्हती. गोड्या पाण्याच्या विहिरी आणि बावखले होती, आणि ते पाणी टँकरने विकले जात होते, हिरव्या पट्ट्यावर इमारती चढत होत्या. धर्मगुरू त्याविरुद्ध बोलू लागला तेव्हा दुखावलेल्यांत त्याच्याच धर्माचे लोकही होते, कारण जमिनी विकणारे हात सर्व धर्मांचे होते. ‘सुवार्ता’ मासिकाचा हा संपादक पुढे, २०२० साली, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. त्या निवडीला विरोध करणाऱ्यांनी त्यांचा झगा पाहिला. वसईच्या शेतकऱ्याने पाणी पाहिले होते. २०२४ च्या जुलैत ते गेले.

नगर जिल्ह्यातल्या चर्चच्या शाळांना आवारे आहेत, विहिरी आहेत, मुले आहेत. माझी एक साधी सूचना तेथील मित्रांना मी यापूर्वीही केली आहे. शाळेच्या विहिरीची पातळी दर सोमवारी मुलांनी मोजावी, पावसाचा आकडा त्याशेजारी मांडावा आणि दोन्ही आकडे रस्त्याकडच्या भिंतीवर खडूने लिहावेत. एक-दोन शाळांनी ते सुरू केले आहे. गावातली माणसे जाता-येता थांबून वाचतात, आणि काही जण विचारतात की हे आकडे इतके ठळक लिहिण्याचे काय कारण.